पर्वतावरचा धूर आणि छतावरचा अलार्म

बाहेरची पाटी वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच गाठलं. ‘सर, तीन महिने अनुमान आणि हेत्वाभास ऐकवलेत, आणि आज एकदम स्मोक अलार्म? इलेक्ट्रिकचं दुकान काढलंत की काय?’ दुकान काढलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर विषयही बदललेला नाही. आपल्याकडचा नैयायिक अनुमान शिकवायला बसला की पहिलं उदाहरण कोणतं देतो? समोरच्या डोंगरावर धूर दिसतो आहे, म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे. आणि पुरावा म्हणून कुठे बोट दाखवतो? स्वयंपाकघराकडे. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ लिहिला, त्यातही हाच डोंगर आणि हेच स्वयंपाकघर. विद्यार्थ्यांना आम्ही हे उदाहरण वर्षानुवर्षं शिकवलं. त्यातला धूर आमच्या स्वतःच्या घरात यायचा होता, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या रात्रीची गोष्ट पुढे येईलच.

या उदाहरणात एक गोष्ट आम्ही कधी नीट पाहिली नव्हती. डोंगराकडे बघणारा माणूस जागा आहे. त्याचे डोळे उघडे आहेत, त्याला धूर दिसतो, मग त्याला स्वयंपाकघर आठवतं, मग तो अनुमान करतो. हा माणूस झोपला तर? डोंगर आहे, धूर आहे, अग्नी आहे, धूर आणि अग्नीची व्याप्तीही शाबूत आहे, फक्त अनुमान करणारं कोणी नाही. आपण म्हणतो, धुराचा वास आला की जाग येईलच. नाही येत. झोपेत कान बऱ्यापैकी जागे असतात, नाक मात्र आपल्याबरोबरच झोपतं. त्यातून धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याने झोप उलट गडद होते. घरात आग लागल्यावर माणसं भाजून कमी आणि धुराने जास्त दगावतात. म्हणून आपण झोपलेलो असताना आपल्या वतीने धूर बघणारा, अनुमान करणारा आणि ओरडणारा कोणीतरी छतावर बसवायचा. सरकारी मराठीत त्याला ‘धूम्रसूचक’ वगैरे म्हणत असतील, आपण सरळ अलार्म म्हणू.

आता आमच्या हातून जे घडलं ते सांगतो, म्हणजे आम्ही कोणत्या तोंडाने बोलतोय ते तुम्हाला कळेल. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता न्यू जर्सीत लेकीकडे राहायला गेलो. तिचं भाड्याचं जुनं घर, स्वयंपाकघराला लागूनच पॅसेज, आणि पॅसेजच्या छतावर अलार्म. सौ.नी पहिल्याच दिवशी आमटीला फोडणी घातली. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि छतावरून असा काही आक्रोश सुरू झाला की नात पलंगाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी थालीपीठ, पुन्हा आक्रोश. चौथ्या की पाचव्या दिवशी लेक आणि जावई कामावर गेल्यावर आम्ही खुर्चीवर चढलो, झाकण फिरवून काढलं आणि आतले दोन पेन्सिल सेल काढून घेतले. झाकण पुन्हा नीट बसवलं. एक सेल आमच्या उशाजवळच्या घड्याळात घातला. गजराचा सेल गजरालाच लागला, अशी मनाची समजूतही घातली.

पुढे सहा आठवडे घरात शांतता होती. मग एका रविवारी लेक स्टूल घेऊन आली. महिन्यातून एकदा ती बटण दाबून बघायची, मधला एक महिना आमच्या पाहुणचारात राहून गेला होता. बटण दाबलं, काही वाजलं नाही. झाकण उघडलं. ‘बाबा, यातले सेल कुठे गेले?’ आम्ही घड्याळाकडे बघितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘सहा आठवडे मी रोज रात्री हिच्या खोलीचं दार लावून निश्चिंत झोपत होते.’

अलार्म नसलेल्या घरात माणूस निदान थोडा सावध असतो. झाकण जागेवर आणि आत सेल नाही, अशा घरात तो बेसावध असतो, आणि त्याला तसं करणारे आम्ही होतो. हे फक्त आमच्याच घरात होतं असं नाही. अमेरिकेत एनएफपीए नावाची अग्निसुरक्षेची जुनी संस्था आहे. तिची आकडेवारी सांगते की तिथे घरच्या आगीत होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ तीन अशा घरांत होतात, जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण चालत नव्हता. आणि न चालण्याचं नेहमीचं कारण यंत्रातला बिघाड नसतो. सेल काढलेला असतो किंवा संपलेला असतो.

हे का होतं ते जरा बघू. अलार्मच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. आग नसताना ओरडणं ही एक, आणि आग असताना गप्प राहणं ही दुसरी. या दोन चुका एका मापाच्या नाहीत हे कोणीही सांगेल. पण रोजच्या जगण्यात आपल्याला पहिलीच भेटते, आठवड्यातून दोनदा, फोडणीच्या वेळी. दुसरी बहुतेकांना आयुष्यात कधीच भेटत नाही. मग आपण भेटलेल्या चुकीचा बंदोबस्त करतो आणि तो करताना न भेटलेलीला दार उघडून देतो. म्हणून ‘सेल काढू नका’ असा नुसता उपदेश करून भागत नाही. खोटी ओरड का होते ते समजून ती कमी करावी लागते, आणि त्यासाठी आतलं यंत्र थोडं कळायला हवं.

दोन जाती आहेत. पहिलीत अमेरिशियम नावाच्या किरणोत्सारी धातूचा कण असतो, एका मायक्रोग्रॅमहूनही कमी. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधली हवा विद्युतभारित होते आणि तिच्यातून बारीकसा प्रवाह वाहतो. धुराचे कण आत शिरले की प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. या युक्तीची हकिकत मजेशीर सांगतात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर येगर नावाचे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र करायच्या खटपटीत होते. वायूने काट्यावर काहीच परिणाम होईना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली, आणि काटा हलला. या जातीतले किरण कागदानेही अडतात, त्यामुळे छतावर असताना त्याची भीती नाही. मात्र तो फोडू नये आणि भंगारवाल्याला देऊ नये.

दुसरी जात प्रकाशाची. आत एक काळोखी कोठडी, तिच्यात एक छोटा दिवा आणि एक डोळा, पण दोघं समोरासमोर नाहीत, कोन करून बसवलेले. एरवी दिव्याचा उजेड डोळ्यापर्यंत पोचत नाही. धूर आत आला की त्याच्या कणांवरून उजेड विखुरतो आणि डोळ्याला दिसतो. सकाळी खिडकीच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ चमकते ना, तोच प्रकार. पहिली जात भडकलेल्या ज्वाळेला लवकर ओळखते, दुसरी धुमसणाऱ्या आगीला, म्हणजे गादी, सोफा, वायरींचं आवरण यांना. फोडणीने आणि जरा करपलेल्या पोळीने जास्त पिसाळते ती पहिली. तेव्हा आपल्या घरांसाठी दुसरी, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक घ्यावी, असं आमचं मत आहे.

घेताना एक फसगत टाळा. आपल्या बाजारात अलार्मसारखी दिसणारी पुष्कळ पांढरी बशी मिळते, पण ती मोठ्या इमारतीच्या अग्निसूचक पॅनेलला वायरीने जोडायची असते. तिला स्वतःचा भोंगा नसतो. घरी नेऊन छताला लावली तर ती फक्त शोभेची. दुकानात स्पष्ट विचारा : स्टँडअलोन आहे का, सेलवर चालतो का, भोंगा आतच आहे का. आणि सोसायटीच्या जिन्यात यंत्रणा आहे म्हणून घरात नको, असंही नाही. जिन्यातल्या यंत्राला तुमच्या बेडरूममधला धूर कळायचा तेव्हा कळेल.

आता जागा. नियम सोपा आहे : जिथे माणूस झोपतो त्या प्रत्येक खोलीत एक, झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, आणि बंगला असेल तर प्रत्येक मजल्यावर किमान एक. धूर वर चढतो, म्हणून छत उत्तम. भिंतीवरच लावायचा तर छतापासून चार ते बारा इंच खाली. छतावर लावताना भिंतीपासून फूटभर सोडा, अगदी कोपऱ्यात हवा तुंबून राहते. शेगडीपासून दहा फूट लांब. बाथरूमच्या दारापासून तीन फूट. एसीच्या झोतात नको.

पंख्याचं आपल्याकडे विशेष आहे, कारण पंखा धूर उधळून लावतो. पात्याच्या टोकापासून तीन फूट अंतर ठेवावं असा संकेत आहे. दहा बाय बाराची खोली धरा. मधोमध अठ्ठेचाळीस इंची पंखा, म्हणजे त्याचं पातं मध्यापासून दोन फुटांवर संपतं. जवळच्या भिंतीच्या दिशेने पाच फुटांतले उरले तीन, आणि त्यातला एक भिंतीसाठी सोडायचा. गणित जमत नाही. पण कोपऱ्याच्या दिशेने गेलात तर मध्यापासून कोपरा जवळजवळ पावणेआठ फुटांवर आहे. त्या तिरक्या रेषेवर, कोपऱ्याच्या अलीकडे, जागा आरामात मिळते. आमच्या इलेक्ट्रिशियनला हे कागदावर काढून दाखवावं लागलं. तो पंख्याशेजारीच भोक पाडायला निघाला होता, वायर जवळ पडते म्हणून. सेलवरच्या अलार्मला वायर लागतच नाही. दोन भोकं, दोन गिट्ट्या, दोन स्क्रू, बस.

देवघराचं काय, असं एका ताईंनी फोनवर विचारलं होतं. समईने काही होत नाही. कापूर, धूप आणि अगरबत्ती यांचा मात्र तो खरोखरीचा धूर आहे, आणि तो अलार्मला कळणारच. देवघराच्या डोक्यावर लावू नका, एवढंच. तरी वाजला तर बहुतेकांवर गप्प करायचं बटण असतं. ते दाबलं की साधारण दहा मिनिटं तो धीर धरतो आणि मग आपण होऊन पुन्हा जागा होतो. न्यू जर्सीतल्या त्या अलार्मवरही ते बटण होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

इथे जरा आमच्या शास्त्राकडे वळतो. खोट्या ओरडीतही प्रकार आहेत. गिझरच्या गरम पाण्याची वाफ पॅसेजमध्ये आली आणि अलार्म वाजला, तर तिथे मुळात धूर नाहीच. वाफेला धूर समजणं हा गोंधळ जुन्या नैयायिकांनाही माहीत होता. हेतूच जागेवर नाही, म्हणजे हेतू असिद्ध. धूळ आत शिरली किंवा बारीक किडा कोठडीत गेला, तरी तेच. फोडणीचं तसं नाही. तिथे धूर खरा, त्याच्याखाली शेगडीवर अग्नीही खरा. अलार्मचं अनुमान चोख आहे, फक्त त्या अग्नीची आपल्याला भीती नाही. पहिल्या प्रकारावर उपाय साफसफाई, दुसऱ्यावर उपाय जागा बदलणं. दोन्हींवर एकच उपाय म्हणून सेल काढणं हे निदान न करता औषध देण्यासारखं झालं.

आणखी एक. धूर आहे तिथे अग्नी आहे, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही. नैयायिक यासाठी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. म्हणून खुद्द स्वयंपाकघरात धुराचा नाही, उष्णतेचा अलार्म लावतात. तो फोडणीला भीक घालत नाही, हवा तापली तरच वाजतो. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून घराघरात असा नियमच आहे : बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धुराचा, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. एक वाजला की सगळे वाजतात. हे जोडलेलं असणं किती महत्त्वाचं आहे ते आम्हाला अनुभवाने कळलं.

परत आल्यावर आम्ही पुण्याच्या घरी पॅसेजमध्ये एक अलार्म लावला होता. एकच. पावसाळ्याचे दिवस, डास फार. पुतण्या मुक्कामाला आला होता, तो हॉलमध्ये दिवाणावर झोपला आणि खाली मच्छर-कॉइल लावली. रात्री केव्हातरी त्याची चादर घसरून कॉइलवर पडली. कापूस भडकत नाही, धुमसतो. चादरीतून गादीच्या कडेला, तिथून आत. पहाटे तीनच्या सुमारास पॅसेजमधला अलार्म वाजायला लागला.

आम्हाला तो ऐकू आला नाही. सौ.नी खांद्याला धरून गदागदा हलवलं तेव्हा आम्ही उठलो, आणि उठल्यावरही, ती कशाबद्दल बोलतेय ते क्षणभर कळेना. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. नेहमीच्या अलार्मचा आवाज साधारण तीन हजार हर्ट्झच्या वरचा, म्हणजे नेमका आमच्या कानांनी सोडून दिलेला, आणि कानातलं यंत्र रात्री डबीत. हॉलमध्ये गेलो तर धुराचा थर छाताखाली उतरलेला, आणि त्याखाली पुतण्या घोरत होता. सत्तावीस वर्षांचा, धडधाकट, नाकाची काहीही तक्रार नसलेला मुलगा.

आम्ही गादी ओढत बाल्कनीत नेली आणि बादलीभर पाणी ओतलं. हे शहाणपणाचं होतं असं नाही. पहिल्यांदा त्याला उठवून सगळ्यांनी बाहेर पडायचं, हॉलचं दार ओढून घ्यायचं, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. सकाळी सात वाजता त्याच ओल्या गादीतून पुन्हा धूर यायला लागला. कापसाची गादी वरून विझते, पोटात धुमसत राहते, हे तेव्हा शिकलो. त्यानंतर आम्ही हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीतही अलार्म लावले, बिनतारी जोडलेले. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ५२० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या पट्टीचा भोंगा असलेलेही असतात, उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही असते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी हे विचारून घ्यावं. वयावरून बोलतोय, राग मानू नका.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा बटण दाबायचं. कधी? आम्ही संकष्टीला दाबतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात ती शोधावी लागत नाही, चंद्रोदयाची वाट बघत बसलेलं असताना तेवढंच काम. ज्यांचा चतुर्थीशी संबंध नाही त्यांनी वीजबिल येईल तो दिवस धरावा. स्टुलावर चढू नका, काठीने किंवा केरसुणीच्या दांड्याने दाबलं तरी चालतं. घरातल्या सगळ्यांनी तो आवाज एकदा जागेपणी ऐकलेला असला पाहिजे, मुलांनी तर नक्कीच.

बटणाने मात्र एवढंच कळतं की सेल, सर्किट आणि भोंगा ठीक आहेत. जाळीत धूळ ठासून बसली असेल आणि धूर आत जाऊच शकत नसेल, तर ते बटण सांगणार नाही. म्हणून दिवाळीची जाळी-जळमटं काढताना व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने अलार्मही बाहेरून साफ करायचा. पाणी किंवा फवारा मारायचा नाही. घराला रंग काढाल तेव्हा त्यावर पिशवी बांधा आणि काम संपल्यावर ती आठवणीने काढा. त्याच्यावरून रंगाचा हात फिरलेली घरं आम्ही पाहिली आहेत.

सेल वर्षातून एकदा बदलायचा, किंवा दहा वर्षं टिकणारा बंद सेलचा अलार्म घ्यायचा. मिनिटाला एकदा बारीक ‘टिक’ असा आवाज आला तर सेल संपत आलाय. हा आवाज बहुधा मध्यरात्रीनंतर सुरू होतो आणि लोकांना वाटतं यंत्र मुद्दाम छळतंय. कारण साधं आहे : रात्री गारवा आला की मरायला टेकलेल्या सेलचा जोर आणखी कमी होतो. तेव्हा नवा सेल घरात ठेवा, म्हणजे रात्री दोनला जुना काढून तसंच झोपायचा मोह होणार नाही. आणि दहा वर्षं झाली की पूर्ण अलार्मच बदलायचा, बटण दाबल्यावर वाजत असला तरी. ही दहा वर्षं विकत घेतल्यापासून मोजायची नाहीत, मागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजायची. छताला लावण्याआधी ती तारीख कडेला पेनाने लिहून ठेवा.

वाजल्यावर पुढे काय, याचा विचार आपल्या घरांत कोणी केलेला नसतो. खिडक्यांना ग्रिल, दाराबाहेर सेफ्टी डोअर, त्याला आतून कुलूप आणि किल्ली कपाटातल्या डब्यात. अंधारात, धुरात, ठसका लागलेला असताना ती किल्ली सापडायची आहे. दाराशेजारी हाताला लागेल पण बाहेरून हात पोचणार नाही, अशा खुंटीवर ती टांगा. बाहेर पडताना वाकून चाला, स्वच्छ हवा जमिनीलगत असते. लिफ्ट नाही, जिना. आमच्या किल्लीला आम्ही लाल रिबन बांधली आहे.

प्रश्न घेऊ. हां, मागच्या रांगेतून विचारताहेत : गॅस गळत असेल तर हा अलार्म वाजेल का? नाही वाजणार. गॅस म्हणजे धूर नाही. स्वयंपाकाचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत पसरतो, म्हणून त्याचा अलार्म वेगळा असतो आणि तो फरशीपासून फूटभरावर लावतात, छतावर नाही. आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर तिथली भीती आणखी वेगळी. कोंडलेल्या बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि नुसत्या त्या वायूने धुराचा अलार्मही वाजत नाही. त्यासाठी तिसरं यंत्र मिळतं. पण ते आणेपर्यंत थांबू नका. घरी गेल्यावर आधी गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायची व्यवस्था करा, आणि तोवर तो वापरू नका.